उघाडीची नळी

मानकोली नाक्यावरून आत वळलं की दोन्ही बाजूंना गोदामंच गोदामं. एवढी मोठी की एकाच्या दारातून दुसऱ्याच्या दारात जायला रिक्षा करावी. त्यांच्या मधोमध एक पत्र्याची शेड अजून तग धरून आहे. तिच्यावर पाटी आहे, 'टर्बो रिपेरिंग', आणि पाटीवर दोन नावं. पहिलं जानू गायकवाडचं. दुसऱ्यावर जानूनं नऊ वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं काळा रंग फासला होता. पण तो रंग असा काही कच्चा निघाला की चार-पाच पावसाळ्यांत त्याचे पोपडे उडाले आणि खालचं 'केसरीनाथ' पुन्हा डोकं वर काढून बसलं. जानूनं त्यावर दुसरा हात मारला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, वेळ कुठाय? खरं म्हणजे वेळाशिवाय त्याच्याकडे आता फारसं काही उरलं नव्हतं.

नव्या गाड्यांचे टर्बो लॅपटॉप लावून तपासतात आणि बिघडला तर सबंध काढून नवा बसवतात. जानूकडे यायच्या त्या जुन्या जीपा, जुने टेंपो आणि तितकेच जुने त्यांचे मालक. गुरुवारी सकाळी असाच एक मालक खांद्यावर गोणपाट टाकून आला. अंबाडीचा दौलत. एके काळी भिवंडीहून अंबाडीमार्गे वाड्याला त्याची काळी-पिवळी जीप धावायची. नऊ जणांच्या जागेत तो सोळा जण बसवायचा आणि सतराव्याला 'आत जागा हाय' म्हणून हाक मारायचा.

"जानूभाऊ, वळखलास का?"

"तुला न वळखून सांगतो कुनाला? नऊ वर्षं तोंड न्हाय दाखवलंस."

"घराचा काम काढलाय. सुनेनं माळा झाडला, त्यात ह्यो निघाला." दौलतनं गोणपाट टेबलावर उलटं केलं. आतून गंजलेला, कोळ्याच्या जाळ्यांनी माखलेला एक टर्बो धप्पकन बाहेर पडला. "भंगारात जायच्या आधी बोललो, तुला दाखवू. एखादा भाग कामी येल."

जानूनं टर्बो उजेडाकडे वळवला. "ह्यो त्या जीपचाच?"

"त्याच. कल्याणच्या मेकॅनिकनं नळीसकट काढून हातात दिला न् दुसरा बसवला. मी रागानं माळ्यावर फेकला." दौलत हसला. आता तो राग त्याला आठवतसुद्धा नव्हता. चहा पिऊन, दोन जुन्या गोष्टी काढून तो निघून गेला, आणि शेडमध्ये जानू आणि तो टर्बो एवढेच उरले.

केसरीनाथ पाटील हा मानकोलीचाच. त्याचं घराणं खाडीकाठचं. बाप खारबांधावरच्या उघाडीची राखण करायचा. उघाडी म्हणजे बांधात बसवलेली लाकडी झडप. शेतात पाणी फार चढलं की पाण्याच्याच रेट्यानं ती उघडते, जादा पाणी खाडीत निघून जातं आणि बांध वाचतो. ती शेतं आता गोदामांच्या खाली आहेत, बांध कुठे होता हे सांगायलाही कुणी नाही. पण केसरीनाथ जानूबरोबर टर्बोच्या धंद्यात पडला तेव्हा टर्बोवरच्या झडपेचा 'वेस्टगेट' हा शब्द काही त्याच्या जिभेवर बसेना. एक दिवस तो ती लोखंडी झडप बोटानं उघडझाप करत बसला आणि एकदम ओरडला, "जान्या, ही त आमची उघाडी!" त्या दिवसापासून शेडमध्ये तिला उघाडीच म्हणत. दोन-तीन वर्षांत वाड्यापर्यंतचे ड्रायव्हरसुद्धा 'उघाडी अडकली' म्हणत यायला लागले. यूपीचे ड्रायव्हर 'उघाडी जाम है' म्हणायचे आणि केसरीनाथची छाती फुगायची.

नाव चपखलच होतं. इंजिनातला जळका धूर बाहेर पडता पडता टर्बोचं एक चाक फिरवतो. त्याच दांड्यावर दुसरं चाक असतं; ते बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. हवा जास्त तर जोर जास्त, जोर जास्त तर धूर जास्त, आणि धूर वाढला की चाक आणखी बेफाम. असंच चालू राहिलं तर इंजिन स्वतःच्याच जोरानं फुटेल. म्हणून धुराला एक आडवाट ठेवलेली असते आणि तिच्या तोंडाशी ही झडप. झडपेला दांडी, दांडीच्या टोकाला पत्र्याची डबी, डबीत रबरी पडदा आणि स्प्रिंग. कोंबलेली हवा एका बारक्या रबरी नळीतून डबीत येते. तिचा दाब स्प्रिंगला भारी पडला की दांडी सरकते, झडप उघडते आणि जादा धूर चाकाला न शिवता थेट सायलेन्सरची वाट धरतो. इंजिन कितीही मस्तीला आलं तरी त्याला ताळ्यावर ठेवणारी ही एवढीशी झडप.

आता त्या दांडीची लांबी नट फिरवून कमी-जास्त करता येते. दोन आटे आवळले की झडप उशिरा उघडते, गाडी जोरात ओढते आणि ड्रायव्हर खूश होतो. इंजिनाचे मात्र हाल. केसरीनाथला ड्रायव्हरांना खूश करायचा भारी सोस. कुणी नुसतं 'शेठ, जरा पिकअप' म्हटलं की याचा हात शिवशिवलाच. यावरून दोघांची रोजची बाचाबाची. शेवटी जानूनं तोड काढली. सायकलच्या पंपानं डबीत हवा भरायची, घड्याळात दाब बघायचा, दांडी बरोबर लावायची आणि नटावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. नट हलला की ठिपका फुटणार. नेलपॉलिश अर्थात जानूच्या बायकोची. शैला म्हणायची, "माझी बोटं रिकामी, आणि गाड्यांचे नट नटून बसलेत."

केसरीनाथनंही मग हट्टानं आपला एक नियम घातला. नळी नवी असो की जुनी, चढवण्याआधी तोंडानं फुंकायची. तो गाल फुगवून अशी काही फुंकायचा की शेजारचा चहावाला विचारायचा, वाजंत्री कुठे चाललीत? वर नळीचं दुसरं टोक कानाला लावून हवा कशी येते तेही ऐकायचा. कानाचा मोठा पक्का माणूस. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं पातं टर्बोला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून सांगायचा, बेअरिंग गेलंय की चाक घासतंय. जानूचं घड्याळ आणि केसरीनाथचा कान अठरा वर्षांत दोनदासुद्धा चुकले नसतील. दुपारी एकाच वर्तमानपत्रावर दोघांचे डबे उघडायचे. जानूच्या डब्यातली भाजी केसरीनाथ संपवायचा आणि केसरीनाथच्या घरची जवळ्याची चटणी जानू. केसरीनाथच्या मुलाच्या हळदीत जानू पहाटेपर्यंत नाचला होता, आणि चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत केसरीनाथ निळा फेटा बांधून सगळ्यांच्या पुढे. ते दिवस आठवले की जानूला अजून वाटायचं, काय थाटात जगलो आपण त्या चार पत्र्यांखाली!

आणि मग आली दौलतची जीप. टर्बो दुरुस्त होऊन ती गेली, दोन दिवस विमानासारखी पळाली, आणि तिसऱ्या दिवशी अंबाडीच्या पुढे चढावर, सोळा माणसं घेऊन, तिचं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या झाकणाखालचं पॅकिंग, उडालं. माणसांना काही झालं नाही. पण दौलत दुसऱ्या कुणाच्या तरी टेंपोतून आला आणि शेडसमोर उभा राहून वाटेल ते बोलला. दाब भलताच चढला होता, हे जानूला ऐकूनच कळलं. आणि दाब कशानं चढतो? दांडी आवळल्यानं.

"केसरी, किती आटे आवळलेस?"

"मी हात न्हाय लावला, जान्या."

"खोटा बोलू नको."

"चल अंबाडीला. आत्ताच्या आत्ता. ठिपका बघू."

त्या वेळी शेडसमोर चार ड्रायव्हर होते आणि चहावाला होता. त्यांच्या देखत जानू म्हणाला, "ठिपक्याचा काय सांगतोस? नेलपॉलिशची बाटली तुझ्या हाताशीच असते."

केसरीनाथनं हातातला पाना पुसला, खिळ्याला लावला आणि चपला घालून निघून गेला. पुढे त्याची जमीन गोदामाला गेली, बंगला झाला, मुलगा वाहतुकीच्या धंद्यात पडला. शेडपासून बंगला जेमतेम पाव मैल. नऊ वर्षांत दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. समोरासमोर आले तर जानू मोबाईल बघायचा आणि केसरीनाथ आभाळ.

जानूनं ब्रशनं जाळी झाडली. काजळी पुसली. दांडीच्या नटावर लाल ठिपका होता, अखंड. नटावर अर्धा, दांडीवर अर्धा, मधे केसाएवढीही भेग नाही. जानूच्या मनातला जुना संशय लगेच कुरकुरला, पुन्हा लावला असेल. त्यानं फळीवरचा पंप काढला, डबीला जोडला आणि घड्याळाकडे बघत हवा भरू लागला. काटा चढत गेला. जिथे दांडी हलायला हवी, नेमकी तिथेच ती हलली. त्यानं चारदा करून पाहिलं. चारही वेळा तिथेच. दांडी कुणीही आवळलेली नव्हती.

मग दाब चढला कसा? डबीपर्यंत हवा पोचली नसेल तर! टर्बोच्या दुसऱ्या टोकाला वीतभर रबरी नळी अजून लोंबत होती. जानूनं ती काढली, ओठांना लावली आणि फुंकली. गाल दुखले, पण पलीकडून हवेचा पत्ता नाही. त्यानं बारीक तार आत घातली आणि खरवडली. टेबलावर चिमूटभर वाळकी माती पडली, आणि त्या मातीत कोळ्याचे दोन-तीन सुकलेले पाय. माती टर्बोवर घट्ट बसलेल्या टोकातच होती, म्हणजे नळी चढवण्याच्या आधीची.

कुंभारीण. ती सुतासारख्या कंबरेची काळी-पिवळी माशी, जी भोक दिसलं की त्यात माती भरून घर करते आणि पिल्लांसाठी कोळी कोंबून ठेवते. शेडच्या भिंतीवर नळ्या खिळ्याला टांगलेल्या असायच्या, आणि उन्हाळाभर कुंभारणी तिथे घिरट्या घालायच्या. नळी बंद, त्यामुळे डबीला दाबाचा सुगावाच नाही. डबी गप्प, म्हणून उघाडी बंद. आणि दौलतची जीप विमान झालेली.

ती नळी कुणी चढवली होती, हे आठवायला जानूला अजिबात कष्ट पडले नाहीत. केसरीनाथ त्या दुपारी मासळी आणायला गेला होता. नाक्यावर प्रवासी खोळंबले होते, दौलत हॉर्नवर हॉर्न मारत होता. जुनी नळी चिरलेली निघाली. जानूनं भिंतीवरची एक ओढली. ती फुंकायला तोंडाशी नेलीसुद्धा. पण तोंडात नुकतीच मळून ठेवलेली तंबाखूची गोळी होती, ताजी. ती थुंकायचं त्याच्या जिवावर आलं. त्यानं नळी तशीच चढवली.

एका तंबाखूच्या गोळीसाठी! जानू स्टुलावर बसला आणि कितीतरी वेळ नुसता त्या मातीकडे बघत राहिला. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की खिशातली तंबाखूची पुडी त्यानं रस्त्यापलीकडच्या गटारात भिरकावली. मग दुसरा विचार आला, आणि तो जास्त वाईट होता. हे कुणाला कळणार आहे? दौलत विसरला. ते चार ड्रायव्हर कुठल्या कुठे गेले. नळी टर्बोबरोबर भंगारात टाकली की विषय संपला. पाटीवर पुन्हा एक हात काळा रंग, की तेही संपलं.

नळी त्यानं भंगारात टाकली नाही. केसरीनाथकडेही नेली नाही. ती डब्याच्या पिशवीत घालून तीन दिवस शेड ते घर आणि घर ते शेड अशी फिरवली. रविवारी सकाळी शैलानं पिशवी धुवायला घेतली तेव्हा ती तिच्या हाताला लागली.

"अहो, ही कसली माती?"

जानूनं सांगितलं. सगळं सांगितलं, तंबाखूसकट. शैला ओल्या हातांनी उंबऱ्यात बसून ऐकत होती. त्याला वाटलं, समजूत घालेल. ती म्हणाली, "तेव्हाच मी म्हटलं होतं, केसरीभाऊजी खोटं बोलणारा माणूस नाही. तुम्ही माझ्यावर तीन दिवस डबा न नेता रुसला होतात." तिनं नळी त्याच्या हातात दिली. "सदरा बदला आणि जा. हळू जाऊ नका, वाटेत विचार बदलेल."

केसरीनाथचा बंगला रस्त्यालाच लागून. समोर टपरी, रविवार असूनही तिथे ड्रायव्हर आणि गोदामातले हमाल चहा पीत उभे. फाटकाच्या आत बनियनवर केसरीनाथ खुर्ची टाकून बसला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रेलरकडे बघत होता. केस पार पांढरे झालेले. त्यानं हा माणूस नऊ वर्षं रोज लांबून बघितला होता. तो म्हातारा झाल्याचं त्याला आज दिसलं.

केसरीनाथची सून करिष्मा फाटकाशी आली. जानूला बघून ती आधी थबकली, मग म्हणाली, "या काका. बाबांना कमी ऐकू येतं हल्ली. जरा मोठ्यानं बोला."

तो कान! जानूला हे कुणीच सांगितलं नव्हतं, आणि सांगणार तरी कोण? तो केसरीनाथच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला. येताना वाटेत त्यानं सगळं हळू, दोघांपुरतं बोलायचं ठरवलं होतं.

"केसरी, चूक माझी होती."

"आं?"

"चूक माझी होती म्हणतो."

"मोठ्यानं बोल. ट्रेलर चाललाय."

जानूनं टपरीकडे पाहिलं. मग दम घेतला आणि साठी उलटलेल्या छातीत होता नव्हता तेवढा आवाज लावला. "तू दांडीला हात लावला न्हवतास! दौलतच्या जीपची नळी मी चढवली! त्यात कुंभारणीनं घर केलं होतं! माझ्या तोंडात तंबाखू होती म्हणून मी फुंकलो न्हाय! खोटा मी होतो, केसरी! तू न्हाय!"

ट्रेलर केव्हाच निघून गेला होता. एका ड्रायव्हरचा चहाचा ग्लास ओठांशीच राहिला होता, आणि करिष्मा पाण्याचा तांब्या घेऊन दारात खिळून उभी.

केसरीनाथनं सावकाश मान वळवली. "उजवा कान गेलाय. डावा चांगला हाय. पयल्यांदाच आयकला मी."

"मग मना वरडायला का लावलास?"

"तू बोललास तवा चार ड्रायव्हर होते न् चहावाला होता," केसरीनाथ म्हणाला. त्यानं टपरीकडे बोट केलं. "आता मोज."

जानूनं खरोखरच मोजले. ड्रायव्हर सहा होते. चहावाला होताच. त्याला हसू यायला लागलं, पण ते हसू ओठांपर्यंत येता येता भलतंच झालं आणि तो तिथेच, सगळ्यांच्या देखत, रडायला लागला. केसरीनाथनं त्याला रडू दिलं. त्याचेही डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता.

"नऊ वर्षं, जान्या. एकदा अंबाडीला आला असतास तर अर्ध्या तासाचा काम होता."

जानूनं पिशवीतून नळी काढून पुढे धरली. केसरीनाथनं ती हातात घेतली, उजेडाकडे करून आत पाहिलं आणि सुनेला हाक मारली. "करिष्मा, तार आन गो एखादी. न् आतून खुर्ची."

तार आली, खुर्ची आली. केसरीनाथ मन लावून, एका बाजूनं मग दुसऱ्या बाजूनं, माती उकरत राहिला. बनियनवर, मांडीवर तांबडी भुकटी सांडत होती. जानू शेजारी बसून बघत होता, आणि त्या जुन्या बोटांची चाल त्याला तोंडपाठ होती. शेवटी केसरीनाथनं नळी गुडघ्यावर आपटली आणि एक टोक जानूपुढे धरलं.

"तोंडात काय हाय?"

"काय न्हाय. सोडली."

"कवा?"

"गुरुवारी."

केसरीनाथनं दुसरं टोक आपल्या डाव्या कानाला लावलं आणि डोळे मिटले.

"मग फुंक," तो म्हणाला.